आगोटीचा हिशेब

(पावसाळ्यापूर्वी भरलेल्या महिला गटांच्या मेळाव्यातलं भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘हवामान बदल आणि आपण’. खरं सांगते, काही वर्षांपूर्वी हा कागद मी बाजूला सारला असता. सारलाही होता. आमच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्तीनं हा विषय काढला, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, ‘अगं, इथे नवऱ्यानं हाकललेली बाई दारात बसलीय, तिच्या पोटगीचं बघायचंय, रेशनचं भांडण पडलंय, आणि तू मला २०५० साली काय होणार ते सांगतेस?’ सगळ्या हसल्या. ती गप्प बसली. त्या हसण्याची भरपाई म्हणून मी आज उभी आहे असं समजा.

चिपळूणला आमचं सल्ला केंद्र एका भाड्याच्या खोलीत होतं, तळमजल्यावर. २००५च्या २६ जुलैला तिथे पाणी शिरलं होतं. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर त्याची रेघ उठली होती, ती आम्ही रंग काढतानाही मुद्दाम ठेवली. २०२१च्या २१ जुलैला पाऊस असा लागला की संध्याकाळी आम्ही तिघी जाऊन सगळ्या फायली टेबलावर रचल्या. टेबल त्या रेघेच्या वर होतं. कुलूप लावून निर्धास्त घरी आलो. पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते खोलीतल्या पंख्याला लागलं.

सोळा वर्षांच्या केसेस होत्या त्या. जबाबांच्या प्रती, दवाखान्याचे दाखले, पोटगीच्या पावत्या. एका बाईचा नवरा म्हणत होता, आमचं लग्नच झालेलं नाही. तिच्याकडे लग्नातला एक फोटो होता, एकच. घरात ठेवला तर तो फाडेल म्हणून तिनं आमच्याकडे आणून दिला होता. सुरक्षित राहील म्हणून. चौथ्या दिवशी चिखलातून ती फाईल काढली तेव्हा फोटोच्या जागी निळसर डाग होता. ‘ताई, तुमच्याकडे दिला होता ना,’ एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून पूर हा ‘बायकांचा प्रश्न’ आहे की नाही, यावर मी वाद घातलेला नाही.

आता यातली आमची चूक नीट बघू या. धोका ओळखला नव्हता असं नाही. ओळखला होता, हातपायही हलवले होते. पण तो मोजला गेल्या वेळच्या रेघेनं. पुढचा पूर मागच्याएवढाच येईल, असं आम्ही धरून चाललो.

आणि हे कोणी करावं? आपण? धोक्याचा हिशेब करण्यात तर आपलं आयुष्य जातं. मुलीला शेवटच्या एसटीनं पाठवायचं की नाही. तापात सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच रिक्षा करायची. तो पिऊन आलाय, आज उलट बोलायचं की उद्या. या हिशेबाला कोणी विद्या म्हणत नाही, पण ती आहे.

आपल्या कोकणातली आगोट घ्या. मे महिन्यात आपण बेगमी करतो. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, सुकट, बोंबील, आमसुलं, लाकूडफाटा. कौलं चाळून घेतो. तेव्हा कोणी विचारतं का, यंदा पऱ्याला पाणी येऊन वाट बंद होणारच, हे सिद्ध करून दाखवा, मग मी तांदूळ भरते? पाऊस कमी झालाच तर भरलेले तांदूळ गणपतीला खाऊ. पण भरले नाहीत आणि आठ दिवस वाट तुटली, तर पोरांना काय घालायचं? आपण दोन्ही बाजूंना काय जाईल ते बघतो. आणि गेलेलं परत येण्यासारखं आहे का, हे बघतो. तांदूळ भिजले तर वाळवता येतात, पोर गेलं तर गेलं. शक्यता थोडी असली तरी नुकसान न भरून येणारं असेल, तर बाई तजवीज करून ठेवते. हवामान बदलाबद्दल शास्त्रज्ञ याहून वेगळं काही सांगत नाहीत, त्यांची भाषा तेवढी अवघड.

पण आपल्या हिशेबात एक खोट आहे, तीही सांगते. पूर गेल्यावर बाजारपेठेत मी कितीतरी जणांकडून ऐकलं, ‘झाला एकदाचा, आता पंचवीस वर्षं बघायला नको.’ नदीकाठी पूररेषा आखतात ना, त्यात निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं ही भिशी आहे. भिशीत एकदा तुमची चिठ्ठी निघाली की ती बाजूला पडते, सगळ्यांची निघेपर्यंत तुम्ही मोकळ्या. पुराची चिठ्ठी तशी नाही. ती निघाली की पुन्हा डब्यात जाते. पंचवीस चिठ्ठ्यांत एक पुराची, आणि दर पावसाळ्याला डबा हलवून एक काढायची. ती लागोपाठ दोन वर्षं निघू शकते. असा हिशेब केला तर पंचवीस वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता शंभरात ६४ येते. लाल रेषेचा, म्हणजे शंभर वर्षांतला म्हणतात तो पूरसुद्धा पंचवीस वर्षांत यायची शक्यता शंभरात २२ असते. शंभरातल्या बावीस बाळंतपणांत घात होतो असं सांगितलं, तर आपण कोणी घरी बाळंत होऊ देऊ का?

आणि हा झाला जुन्या पावसावर मांडलेला हिशेब. आता डब्यात पुराच्या चिठ्ठ्या वाढताहेत. हवा १ अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ते कुठे ना कुठे कोसळणार. २०२४ हे वर्ष कारखानदारी सुरू होण्याआधीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त तापलेलं निघालं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. २०२१च्या त्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली.

अमुक एक पूर हवामान बदलामुळेच आला, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे डोंगर पोखरले, नदीत गाळ साचला, काठावर इमारती चढल्या, धरणातून पाणी कधी किती सोडलं याचे वाद झाले. सगळं खरं. पण घरात आधीच चार दुखणी असलेल्या माणसाला पाचवं लागलं, तर आपण ‘चार आहेतच की’ म्हणून पाचवं सोडत नाही.

आता जे अवघड आहे ते सांगते. कारण इथवर सगळ्या माना डोलावतात.

आमच्या वाडीच्या वर डोंगरउतारावर खासगी रान आहे. तुम्हा सगळ्यांच्या गावाला आहे. दोन वर्षांपूर्वी जंगलतोडीचा ठेकेदार आला. पुरुषांनी बोलणी केली, सातबाऱ्यावर नावं त्यांचीच. आम्ही बायकांनी बैठक बोलावली. मी तळियेचं सांगितलं, माळीणचं सांगितलं, २०२३च्या इर्शाळवाडीचं सांगितलं. माना डोलल्या. मग एक जण उठली. नवरा नाही, सासऱ्याच्या पश्चात रानाचा चौथा हिस्सा तिच्या वाट्याला. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, फी भरायची मुदत पंधरा दिवसांवर. ती म्हणाली, ‘डोंगर येईल की नाही देव जाणे. फीची तारीख मात्र नक्की येणार आहे. तुमच्या डोंगराचा धोका मी माझ्या पोरीच्या शिक्षणानं भरायचा?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तिच्यापुढे दोन धोके होते, एक उद्याचा आणि एक कधीतरीचा. हातात पैसा नसला की माणूस उद्याचाच धोका आधी टाळणार. बाई अडाणी आहे, तिला पर्यावरण कळत नाही, असं कोणी म्हटलं की मला राग येतो तो यासाठी. तिला पक्कं कळतं. लांबचा धोका बघायला जवळचा खर्च भागलेला असावा लागतो.

शेवटी काय झालं? गटाच्या बचतीतून तिला फीपुरतं कर्ज दिलं, बिनव्याजी. तेही भांडून, कारण दोघी-तिघी म्हणाल्या की उद्या प्रत्येकजण रान दाखवून कर्ज मागेल. घरांच्या थेट वरचा चढ राखला, खालचा सपाट तुकडा तुटला. कर्ज अजून अर्धं बाकी आहे. ती बाई आज इथे बसली आहे आणि तिला अजूनही वाटतं की सगळंच विकलं असतं तर बरं झालं असतं. जेवताना तिला विचारा, ती स्पष्ट सांगेल.

धोका टाळायचा खर्च कोणावर पडतो हे आपण विचारलं नाही, तर तो वाडीतल्या सगळ्यात कमकुवत बाईवर पडतो. आणि नुकसान मोजतानाही तीच सुटते. पुरानंतर आमच्या आळीत पंचनाम्याला माणूस आला. दुकान आहे का, टपरी आहे का, घर कोणाच्या नावावर. स्वयंपाकघरात पापड-लोणची करून घर चालवणाऱ्या बाईची चाळीस बरण्या लोणची गेली, ती कुठल्या रकान्यात लिहायची? ‘घरगुती’ म्हणून सोडून दिली. सरकारच्या कागदावर जे बुडालंच नाही, ते वाचवायला पुढच्या वेळी पैसा कोण ठेवणार?

वरच्या पातळीवरही हेच. तिवरे धरणाला गळती असल्याचं गावकऱ्यांनी आधी कळवलं होतं. २ जुलै २०१९च्या रात्री ते फुटलं, वीसएक माणसं वाहून गेली, आणि मंत्रिमहोदय म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीनं २०११ साली अहवाल दिला. तो फार कडक वाटला म्हणून दुसरी समिती नेमली. मग मसुद्यावर मसुदे. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ला, वायनाडला दरडीखाली शेकडो माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. धोका ज्यांच्या डोक्यावर, त्यांना निर्णयात जागा नाही. हे आपल्याला नवीन आहे का? घरात तरी दुसरं काय असतं?

आता कोणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारते. धूर सोडणारे दुसरे, आपण कशाला काटकसर करायची? बरोबर आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन वायू हवेत जातो, अमेरिकेत सुमारे १४ टन. भारतातल्या त्या दोन टनांत तुमच्या चुलीचा वाटा किती, ते तुम्हीच समजा. तुम्ही दिवे लवकर मालवा, हे सांगायला मी आलेली नाही. पण घरात गॅसचा वास आला तर आपण काय करतो? खिडक्या उघडतो आणि रेग्युलेटर बंद करतो. गळती आहे की नाही बघू म्हणून काडी ओढत नाही. उंच माळा, भोंगा, राखलेलं रान, या झाल्या खिडक्या. त्या आपल्या हातात आहेत. रेग्युलेटर कोळसा आणि तेल जाळणाऱ्यांच्या हातात आहे, तो बंद करा म्हणून ओरडणं हेही आपलंच काम. नुसत्या खिडक्या उघडून बसलो तर सिलिंडर संपेपर्यंत बसावं लागेल.

खिडक्यांचं आजच सुरू करू. दरडीच्या खुणा पाठ करा, कारण पाणवठ्यावर तुम्ही जाता, तलाठी जात नाही. विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, जमिनीला नवी भेग, दार चौकटीत अडकायला लागणं, झाड किंवा विजेचा खांब कलणं. यातलं काही दिसलं आणि पाऊस लागलेला असेल, तर कोणाची परवानगी न विचारता पोरं घेऊन निघायचं. निघाल्यावर डोंगर आला नाही तर लोक हसतील. हसू देत. दोनदा-तीनदा हसतील. ‘मला न विचारता गेलीस’ म्हणून घरात हात उचलला गेला, तर त्या बाईच्या मागे गटानं उभं राहायचं, हेही आजच ठरवून ठेवा.

व्हरांड्यात दोन मुली मोबाइल घेऊन बसल्या आहेत. रेशनकार्ड, लग्नाचा फोटो, दाखले, कोर्टाचे कागद जे आणलं असेल त्याचे फोटो जेवणाआधी काढून घ्या, आणि ते नवऱ्याच्या नाही, मैत्रिणीच्या फोनवरही पाठवा. सातबारा आणला असेल त्यांनी माझ्याकडे यायचं. घरांच्या वर कोणाचं रान आहे त्याची गावनिहाय यादी करायची आहे, महिला ग्रामसभेत ती मांडायची आहे. आणि राखलेल्या रानाचा मोबदला कोण देणार, हा प्रश्न त्या अर्जात पहिला घालायचा.