जुना मॅसी आणि त्याचे सुटे भाग

सुरतेत उधना-लिंबायतला राहणाऱ्या खानदेशी मंडळींपैकी कुणाच्या गावी जुना मॅसी फर्ग्युसन ३५ उभा असेल, तर सुटे भाग शोधण्याआधी त्याचे सिलिंडर मोजा. इंग्लंडात १९५६ साली हा ट्रॅक्टर निघाला तो राखाडी पत्रा आणि सोनेरी इंजिन घेऊन. १९५७च्या अखेरीस पत्रा लाल झाला. रंगाचं सोडा, तो कुणीही मारून देतो! खरा फरक १९५९चा. तोवर डिझेल मॉडेलला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. थंडीत ते सुरू व्हायला फार कुरकुरायचं. मग पर्किन्सचं तीन सिलिंडरचं, सुमारे अडीच लिटरचं इंजिन आलं. नाव ३५च राहिलं, पण पिस्टन, हेड, गॅस्केट, डिझेल पंप सगळं वेगळं. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं पर्किन्सच्या बनावटीची इंजिनं भारतात काढली. म्हणून तीन सिलिंडरवाल्याला इथं निदान आशा असते. तरीही इंजिनावरचा नंबर लिहून घ्या, आणि दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या. नुसतं 'पस्तीसचा द्या' म्हणू नका.