नाव बदलायचं, की माल सुधारायचा?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी जवळ आली की एक मागणी हमखास येते. "मॅडम, आमच्या मालाचं नाव बदलायचंय, नवीन लेबल करायचंय, त्यासाठी कर्ज पाहिजे." यंदा तीन गटांचे अर्ज आलेत. आता नाव बदललं की नुसतं लेबल बदलून भागत नाही. पिशव्या, शिक्का, बॅनर, पावती पुस्तक, सगळं परत छापावं लागतं. आणि हा पैसा तुमच्याच बचतीतला आहे. म्हणून मंजुरीला हात वर करायच्या आधी याच्यावर बोलू.

लिज्जत पापड तुम्हाला माहीतच आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेव्हा 'लिज्जत' हे नाव नव्हतं. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना मदत करणाऱ्या छगनलाल पारेखांनी सांगितलं, एकच चांगला पापड करा, दर्जात तडजोड नको. नाव आलं १९६२ मध्ये. त्यासाठी स्पर्धा घेतली, बक्षीस होतं पाच रुपये! तेच नाव आजपर्यंत चाललंय. म्हणजे आधी पापड एकसारखा झाला, मग त्याला नाव मिळालं.

आपल्याकडे खप कमी झाला की पहिला संशय नावावर जातो. संशय खरा की खोटा, हे ओळखायला एक साधा प्रश्न विचारा: ज्यांनी एकदा घेतलं, ते परत घेतात का?

एकदा नेलेलं गिऱ्हाईक परत येत नसेल, तर दुखणं मालात आहे, नाहीतर भावात. नाव बदललंत तर तेच गिऱ्हाईक नव्या नावाला एकदा फसेल, इतकंच. पण जुनी गिऱ्हाइकं मागून नेतात आणि नवीन माणूस पाकीट हातात घेऊन परत ठेवतो, असं असेल तर मात्र नाव आणि लेबल तपासायला पाहिजे.

आपल्याच भागातल्या एका गटाचा मसाला चालेना. सगळ्या म्हणाल्या, नाव जुनाट आहे. दोघी जणी दुकानांत विचारायला गेल्या. दुकानदार म्हणाला, "नावाचं काय नाही हो ताई, महिन्याभरात वास उडतो." बघितलं तर पिशवी पातळ, सील कच्चं, आणि पुडे दुकानाच्या दाराशी उन्हात टांगलेले. त्यांनी जाड पिशवी घेतली आणि एकदम मोठा घाणा काढायच्या ऐवजी पंधरा दिवसांनी थोडा थोडा मसाला कुटायला लागल्या. नाव तेच ठेवलं. आता दुकानदार स्वतः फोन करतो.

मग नाव बदलायचं कधी? मला चार वेळा दिसतात.

एक, नाव दुसऱ्यासारखंच असेल तर. सावित्रीबाई, रमाई, जिजाऊ, महालक्ष्मी ही नावं आपल्याला प्रिय आहेत, म्हणून गावोगाव आहेत. प्रदर्शनात एकाच नावाचे तीन स्टॉल लागले तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी कुणाला शोधणार? इथे एक लक्षात ठेवा. गटाचं नाव बदलायची गरज नाही. बँक खातं, रजिस्टर, ठराव त्याच नावाने राहू द्या. फक्त मालाला वेगळं नाव द्या. आणि मोठ्या कंपनीसारखं दिसणारं नाव किंवा लेबल असेल तर ते लगेच बदला, त्यात कायद्याची भानगड आहे.

दोन, नाव खोटं बोलत असेल तर. वायगावची हळद, भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. हळद दुसरीकडची आणि पाकिटावर 'वायगाव', हे चालणार नाही. तसंच 'सेंद्रिय'. प्रमाणपत्र नसेल तर तो शब्द काढा.

तीन, धंदा नावापेक्षा मोठा झाला असेल तर. नावात 'पापड' आहे आणि आता नाचणीचं पीठ, लोणचं, चटण्याही करता, तर नाव अपुरं पडतं. पण म्हणून जुनं नाव टाकायलाच पाहिजे असं नाही. लिज्जतवाल्यांनी कपडे धुण्याची पावडर काढली तेव्हा तिला 'ससा' असं वेगळं नाव दिलं.

चार, नाव लोकांच्या तोंडात बसत नसेल तर. लोक तुमचा माल कसा मागतात ते ऐका. "ती पिवळी पिशवीवाली चटणी द्या" असं म्हणत असतील, तर तुमची खरी ओळख पिवळा रंग आहे. नाव सोपं करा, पण पिवळा रंग सोडू नका.

नवीन अध्यक्षा आल्या, कुणाच्या भाच्याने मोबाईलवर छान डिझाईन करून दिलं, किंवा आपल्यालाच जुन्या नावाचा कंटाळा आला, ही कारणं धरायची नाहीत. आपण ते लेबल रोज बघतो म्हणून कंटाळतो. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा बघतं, त्याची आत्ता कुठे ओळख होत असते.

बदलायचं ठरलंच तर घाई नको. जुनी लेबलं संपवा. रंग किंवा चित्र, एक तरी खूण तीच ठेवा. पुढचे सहा महिने नव्या नावाखाली "पूर्वीचं नाव अमुक" असं छापा. दुकानदारांना स्वतः जाऊन सांगा. नाव कसंही असो, खाण्याच्या मालावर गटाचं नाव-पत्ता, घटक, वजन, किंमत, बॅच नंबर, बनवल्याची आणि वापरायची शेवटची तारीख, शाकाहारी असेल तर हिरवी खूण, तक्रारीसाठी फोन आणि १४ अंकी अन्न परवाना नंबर पाहिजेच.

आणि शेवटची गोष्ट जरा स्पष्ट बोलते. नवीन नावाची ट्रेडमार्क नोंदणी करायची तर ती गटाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावाने कशी करता येईल ते आधी विचारून घ्या. एका सदस्येच्या, तिच्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर करू नका. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. तेवढ्या काळात गटात मतभेद झाले, कुणी बाहेर पडलं, तर दहा जणींनी कमावलेलं नाव एका घरात जाईल. माणसं चांगली असली तरी कागद गटाचाच असू द्या. ठराव करा, इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

तर त्या तीन गटांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीला येताना दहा गिऱ्हाइकांना आणि दोन दुकानदारांना विचारून या. परत घेता का? का घेत नाही? उत्तरं वहीत लिहून आणा. ती वाचून मग अर्जावर निर्णय करू. कदाचित पैसा लेबलाला लागेल, कदाचित सीलिंग मशीनला.