मे महिन्यातलं गणित

पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

अग्निसुरक्षेच्या कामात माझी हयात गेली, म्हणून त्यातलंच एक गणित तुमच्यापुढे ठेवतो.

विजेच्या पॅनलशेजारी टांगलेला, काळ्या रुंद तोंडाचा लाल सिलिंडर तुम्ही पाहिलाय. तो कार्बन डायऑक्साइडचा. त्याला दाबाचा काटा नसतो. आत द्रव आणि वायू एकत्र असतात. 20 अंशांना दाब साधारण 57 बार. निम्मा माल गळून गेला, तरी थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तेवढाच राहतो. काटा बसवला तर तो खोटा धीर देईल. म्हणून हा सिलिंडर तोलूनच तपासायचा.

आता खटका दाबा. द्रव बाहेर पडतो, दाब उतरतो, उरलेला द्रव उकळू लागतो. उकळताना तो आपलीच उष्णता खर्च करतो, थंड होतो आणि दाब आणखी उतरतो. नळीतून द्रव आणि वायू मिसळून धावतात, तोंडाशी उणे 78 अंशांचा बर्फ उडतो. घनता, वेग, तापमान क्षणोक्षणी बदलतं. किती वायू किती वेळात बाहेर पडेल, याचं एकच घनता धरून काढलेलं उत्तर कागदावर जमतं, आगीपुढे टिकत नाही. प्रत्येक क्षणाचा वस्तुमानाचा आणि ऊर्जेचा हिशेब मांडावा लागतो. मग खरा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, वायू सोडून, हा हिशेब पडताळावा लागतो.

आणि तो हिशेब आपल्या हिंगोलीचा हवा. 31 अंशांच्या वर या वायूत द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नेहमीप्रमाणे भरलेल्या सिलिंडरचा दाब तेव्हा 100 बारच्या पुढे जातो. 20 अंशांचं उत्तर इथे चालत नाही.

बंद खोली या वायूने भरून आग विझवायची, तर त्याचं प्रमाण किमान 34 टक्के लागतं. माणसाची शुद्ध 10 टक्क्यांनाच काही मिनिटांत हरपू शकते. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. अशा कक्षासाठी कोणता वायू, किती आणि किती सेकंदांत, हा बाळांच्या श्वासाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. मे महिना या दोन्हींच्या मध्ये येतो. तुमच्यातलं कुणी जिनिंगमध्ये जाईल, कुणी वसमतच्या हळदीच्या गोदामात, कुणी औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाच्या कामावर. समोर आकडा आला की विचारा: हा कोणत्या तापमानाचा? कुणी मोजला? कसा पडताळला? उत्तर मिळालं नाही तर स्वतः मोजा, सही त्यानंतर करा. तुमच्या सहीच्या भरवशावर माणसं रात्री निर्धास्त झोपणार आहेत. त्या भरवशाला पात्र राहा.