वजनमर्यादेचे अर्थशास्त्र

(रांझी, जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



रांझीच्या शेजारी १९६९ साली वाहन निर्माणी सुरू झाली. लष्करासाठी तेथे तयार होत आलेला ‘स्टॅलियन’ ट्रक ५/७.५ टन या वर्गात मोडतो. पक्क्या रस्त्यावर साडेसात टन, तर खडबडीत मैदानी वाटेवर पाच टन, असा त्याचा अर्थ. ट्रक तोच, इंजिनही तेच. मार्ग बदलताच मर्यादा बदलते. वजनमर्यादा हा केवळ यंत्राच्या ताकदीचा आकडा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

एक उदाहरण

समजा, एका पिकअपचे रिकामे वजन १,७०० किलो व एकूण अनुज्ञेय वजन ३,००० किलो आहे. म्हणजे माणसे व माल मिळून १,३०० किलो चालतील. आता तिला १,५०० किलोचा भरलेला ट्रेलर जोडला. त्याचा सारा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर राहत नाही. सुमारे दहा टक्के, म्हणजे १५० किलो, जोडणीच्या हुकावर येतो आणि पिकअपच्या वजनात मोजला जातो. उरले १,१५० किलो. उत्पादकाने दोन्ही वाहनांच्या एकत्रित वजनाची मर्यादा ४,००० किलो ठरवली असेल, तर पिकअपमध्ये केवळ ८०० किलो भरता येतील. या तिन्ही आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडाच पाळावा लागतो. हुकाचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडत असल्याने मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा स्वतंत्रपणे तपासावी लागते, ती वेगळीच. इंजिनने ओझे ओढले, तरी ते उतारावर ब्रेकने थांबवता येईलच असे नाही.

रस्त्याचा हिशेब

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते-चाचणीतून एक ढोबळ नियम पुढे आला : रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरील भाराच्या चौथ्या घातानुसार वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला, तर झीज दुपटीच्या थोडी वर जाते. वाढीव भाडे वाहनमालकाच्या पदरी पडते. दुरुस्तीचा खर्च मात्र सरकारी तिजोरीवर, पर्यायाने सर्वांवर पडतो. अर्थशास्त्रात यालाच ‘बाह्यता’ म्हणतात.

मग छोटा वाहनमालक जादा माल का भरतो? भाडे टनामागे मिळते आणि कर्जाचा हप्ता ठरलेला असतो. एकाने जादा माल भरून दर पाडले की इतरांनाही तेच करावे लागते. अखेर भाडे घसरते, धोका मात्र सर्वांचाच वाढतो.

कायदा आणि धोरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार मर्यादेबाहेर वजन नेण्यास मनाई आहे. काही राज्ये मात्र पैसे घेऊन जादा वजनास मुभा देत असत. परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन, तर जोडवाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन केली. यामुळे फेऱ्या व इंधन वाचते, हे खरे. परंतु चौथ्या घाताच्या हिशेबाने त्या अ‍ॅक्सलमुळे होणारी झीज सुमारे १.६ पट होते. मर्यादा वाढवताना रस्त्याची बांधणी त्या तोडीची आहे का, हा प्रश्न म्हणूनच अटळ ठरतो.

१ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ मधील दंड २,००० रुपयांवरून २०,००० रुपये झाला, तसेच प्रत्येक जादा टनामागील १,००० रुपयांची रक्कम २,००० वर गेली. हे कलम वाहन चालवणाऱ्यापुरते मर्यादित नाही. ते चालवायला लावणारा वा चालवू देणाराही त्याच्या कक्षेत येतो. ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे, कारण जादा माल भरण्याचा निर्णय बहुधा चालकाचा नसतो.

परीक्षेत ‘रस्ते लवकर का खराब होतात?’ असे विचारले, तर केवळ निकृष्ट बांधकामाकडे बोट दाखवू नका. माल जेथे भरला जातो तेथेच वजन करणे आणि माल पाठवणाऱ्यावरही जबाबदारी निश्चित करणे, हे उपाय उत्तरात अवश्य मांडा. महामार्गावर पकडलेल्या गाडीने तोवर अर्धा रस्ता झिजवलेला असतो.