चौकोनांत आखलेला माळ

अमेरिकेच्या नकाशावर जवळजवळ मधोमध कान्सस नावाचं राज्य आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या भागात एम्पोरिया हे लहानसं शहर. दर वर्षी मे सरता सरता किंवा जून लागता लागता इथे हजारो सायकलस्वार जमतात आणि भल्या सकाळी डांबरी रस्ता सोडून खडीच्या वाटेला लागतात. मुख्य शर्यत 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची. 2006 साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा सगळे मिळून 34 जण होते. आज ग्रॅव्हल सायकलिंग हा खेळ देशोदेशी पसरला आहे आणि एम्पोरिया ही त्याची पंढरी मानली जाते. हीच जागा का, असं विचारलं तर सहसा एकच उत्तर मिळतं: तिथे काही नाही म्हणून. ना गाड्या, ना घरं, नुसता गवताचा माळ आणि आभाळ. हे उत्तर वर्णन म्हणून ठीक आहे, पण कारण म्हणून अजिबात पटण्यासारखं नाही. तो मोकळेपणा तिथे आयता पडलेला नव्हता. एका कायद्याने, एका दगडाने आणि एका हकालपट्टीने तो घडवला, असं माझं म्हणणं आहे. सायकलस्वार ज्याच्यावरून जातात तो खडीचा रस्ताच त्याची साक्ष देतो.

आधी रस्त्याची आखणी पाहू. इथला रस्ता एकतर सरळ उत्तर-दक्षिण जातो, नाहीतर सरळ पूर्व-पश्चिम, आणि साधारण मैलामैलावर दुसरा रस्ता त्याला काटकोनात छेदतो. ओढा आला, टेकडी आली, तरी हा शक्यतो वळत नाही. याचं मूळ 1785 सालच्या कायद्यात आहे. अमेरिकेला तिची आजची राज्यघटनाही मिळाली नव्हती, तेव्हा तिथल्या काँग्रेसने पश्चिमेकडची जमीन विकण्यासाठी तिचे तुकडे कसे पाडायचे ते ठरवून टाकलं. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे 36 सेक्शन. प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे 640 एकर. मापाला 66 फुटांची साखळी. तिच्या बरोबर निम्मी, 33 फुटांची साखळी आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत होती. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट आहे, तो याच मापाचा. पण साखळीचं नातं असलं तरी कामात मोठा फरक पडला. आपल्याकडच्या मोजणीदारांनी जी शेतं आधीपासून कसली जात होती ती मोजली, त्यामुळे बांधाचे वाकडेपण, पाणंदीची वळणं आणि शिवेचे कोन नकाशात उतरले. कान्ससात 1854 नंतर मोजणी सुरू झाली ती जमिनीवर काय आहे याची फारशी चौकशी न करता. आधी रेघ, मग गाव, मग शेत. 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला 160 एकर मिळू लागले, तेही सेक्शनचा बरोबर चौथा हिस्सा. रस्ते सेक्शनच्या हद्दीवरून गेले, कारण तिथून नेल्याने कुणाचंच शेत मधोमध कापलं जात नव्हतं. आता पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा जवळ जवळ येतात. कान्ससच्या अक्षांशावर टाउनशिपची उत्तरेची बाजू दक्षिणेच्या बाजूपेक्षा तीस-चाळीस फुटांनी कमी भरते. ती चूक ठरावीक अंतरावर दुरुस्त करावी लागते. म्हणून कुठे कुठे नाकासमोर चाललेला रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडं बाजूला सरकतो आणि पुन्हा उत्तरेची वाट धरतो. सायकलस्वाराला ते वळण विनाकारण वाटतं, पण ते मोजणीदाराचं गणित असतं.

पण चौकोन तर आयोवातही आहेत आणि इलिनॉयमध्येही. तिथे गवताळ माळ उरला नाही, मका आणि सोयाबीन आलं. मग इथेच गवत का राहिलं? त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. 1806 साली झेब्युलन पाइक हा लष्करी अधिकारी इथून गेला आणि त्याने या भागाला चकमकीच्या टेकड्या म्हटलं. फ्लिंट हिल्स हे नाव तेव्हापासूनचं. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडीचे थर साचले आणि त्या थरांत चर्ट नावाचा, चकमकीच्या जातीचा कठीण दगड तयार झाला. चुनखडी पावसाने झिजते, चर्ट झिजत नाही. त्यामुळे वरच्या मातीत त्याचे धारदार तुकडे गच्च भरून राहिले. नांगर चालेना. उत्तर अमेरिकेत एके काळी सुमारे 17 कोटी एकरांवर उंच गवताची प्रेअरी होती. आज तिचा चार टक्क्यांहून कमी भाग शिल्लक आहे आणि त्यातला मोठा हिस्सा याच टेकड्यांवर आहे. नांगर हरला म्हणून गुरं आली. आगगाडीने टेक्साससारख्या दूरच्या प्रांतातून गुरं आणायची, उन्हाळाभर इथल्या गवतावर पोसायची आणि विकायची, हा धंदा इथे रुजला आणि आजही चालू आहे. अशा धंद्याला जमीन पुष्कळ लागते, माणसं थोडी. एम्पोरियाच्या शेजारची चेस काउंटी घ्या. क्षेत्रफळ पावणेआठशे चौरस मैलांच्या आसपास आणि लोकसंख्या अडीच हजारांच्या घरात, म्हणजे मैलभराच्या एका चौकोनाला सरासरी तीन माणसं. तीन माणसांच्या करातून मैलभर डांबर होत नाही. स्थानिक खाणीतली चुनखडी फोडून पसरायची, वर्षातून काही वेळा सपाटीचं यंत्र, म्हणजे ग्रेडर, फिरवायचा, एवढं परवडतं. ज्या चर्टने नांगर अडवला तोच आज सायकलींचे टायर फाडतो आणि स्वार त्याला खेळाची रंगत म्हणतात.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं भूगोलाने झालं, मग माणसांनी घडवलं असं का म्हणायचं? दोन कारणं आहेत. पहिलं गवताचं. हे गवत नुसतं सोडून दिलं की राहत नाही. देवदारासारखी काटक झुडपं आणि झाडं त्यात शिरतात आणि काही दशकांत माळाचं रान होतं. दर वसंतात ते मुद्दाम जाळतात म्हणून ते टिकतं. एप्रिलमध्ये या वणव्यांचा धूर कान्सस सिटीपर्यंत जातो आणि शहरातले लोक तक्रार करतात. गुराखी येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ लोक गवत जाळत आले होते. दुसरं कारण त्या लोकांचंच.

एम्पोरियाच्या वायव्येला काउन्सिल ग्रोव्ह हे जुनं गाव आहे. 1821 पासून मिसूरीहून मेक्सिकोच्या ताब्यातल्या सान्ता फे शहराकडे व्यापाऱ्यांचा माल जाऊ लागला, तो या वाटेने. चौकोनांच्या आधीचा हा रस्ता पाणी, सावली आणि चढ-उतार पाहून चालणारा. काउन्सिल ग्रोव्हला टणक लाकूड मिळे. पुढच्या माळावर आखासाठी झाड सापडणार नाही, म्हणून गाडीवाले ते इथेच तोडून बरोबर घेत. 1825 साली ओसेज लोकांशी इथे तह झाला आणि 800 डॉलरच्या मोबदल्यात त्यांच्या मुलखातून वाट मिळाली. मग 1846 च्या तहाने कॉ, म्हणजेच कान्झा, लोकांना या परिसरात वीस मैल बाय वीस मैलांची राखीव जमीन लिहून दिली. राज्याला कान्सस हे नाव ज्यांच्यावरून पडलं तेच हे लोक. 1859 मध्ये ती जमीन नऊ मैल बाय चौदा मैलांवर आणली. तहातसुद्धा चौकोनच, आणि प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा लहान. 1873 मध्ये उरलेल्या पाचशेच्या आसपास माणसांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, पाठवून दिलं. त्याच 1873 साली, तिथून तीसेक किलोमीटरवरच्या कॉटनवुड फॉल्समध्ये चेस काउंटीची चुनखडीची देखणी कचेरी उभी राहिली. तिथे अजून काम चालतं आणि सायकलस्वार तिच्यासमोर फोटो काढतात. काढावेत, इमारत सुंदरच आहे. पण एक दस्तखाना उघडला आणि जवळच एक वस्ती उठली, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जमिनीची नोंद नव्या मालकांच्या नावाने करायची तर जुने राहणारे जायला हवे होते.

खेळाच्या गळ्यात हे लोढणं कशाला, असा आक्षेप येतो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. अमेरिकेतला कुठलाही रस्ता असाच कुणाच्या तरी जमिनीवरून गेलेला आहे. मग सायकलवाल्यांनाच जाब का? एवढ्यासाठी, की बाकीचे रस्ते पोचण्यासाठी असतात आणि या खेळात रिकामेपणा हाच माल आहे. जो माल आपण विकतो तो कुठून आला हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. शिवाय या शर्यतीच्या पहिल्या नावातच कान्झा होते, आणि त्याच्या आधी ‘डर्टी’ हे विशेषण. बरीच टीका झाल्यावर 2020 मध्ये ते बदललं. आता तिला अनबाउंड ग्रॅव्हल म्हणतात. म्हणजे इतिहास बाहेरून कुणी आणलेला नाही.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांच्या बाजूचा आहे आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. शहरी माणसाला खडी आवडते कारण संध्याकाळी त्याला डांबरावर परत जायचं असतं. रोज धूळ खाणाऱ्याला विचारा. खरं आहे. त्यातही काउंटी ज्यांना किमान देखभालीचे रस्ते म्हणून जाहीर करते, त्यांवर स्वतःच्या जबाबदारीवर जा, अशी पाटीच असते. पावसाने त्यांचा असा चिखल होतो की 2023 च्या शर्यतीत सुरुवातीच्या काही मैलांतच शेकडो लोक सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. तरीही खडी म्हणजे मागासपण, हे समीकरण मला मान्य नाही. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेच्या काही राज्यांत दुरुस्तीला पैसे नसलेले डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले गेले. दिवसाला चार ट्रक जाणाऱ्या वाटेवर फुटलेल्या डांबरापेक्षा नीट उतार दिलेली खडी बरी. प्रश्न देखभालीचा आहे. शर्यतीने हॉटेलं भरतात ती एका शनिवार-रविवारपुरती. वर्षभर लोक येतील असे फलकांचे, नकाशांचे मार्ग आखले तर काउंटीला ग्रेडर फिरवायला आणखी एक कारण मिळेल.

आणि त्या मार्गांवर काय सांगायचं, हेही आता उघड आहे. कान्ससमधली जवळजवळ सगळी जमीन खासगी मालकीची आहे. 1996 मध्ये इथे राष्ट्रीय प्रेअरी संरक्षित क्षेत्र झालं तेव्हाही पशुपालकांचा विरोध एवढा होता, की सुमारे 11 हजार एकरांपैकी सरकारने जास्तीत जास्त 180 एकरच स्वतःच्या मालकीचे ठेवावेत असं कायद्यात लिहावं लागलं. म्हणजे ज्याला आपण मोकळा माळ समजतो तिथे दोन कुंपणांमधली खडीची पट्टी तेवढी सगळ्यांची. ती सार्वजनिक ठेवली त्याच मोजणीने, जिने बाकी सारं वाटून टाकलं. कॉ लोकांनी काउन्सिल ग्रोव्हजवळ 2000 साली दीडशेहून अधिक एकर जमीन घेतली. त्यांचा एक पवित्र लाल खडक 1929 मध्ये लॉरेन्स शहराने उचलून आपल्या गोऱ्या संस्थापकांचं स्मारक म्हणून बागेत मांडला होता. तोही 2024 मध्ये त्यांना परत मिळून इथे आला. खडक परत देण्यात आला. जमीन मात्र, जी 1846 च्या तहाने त्यांचीच म्हणून लिहून दिली होती, त्यांना विकत घ्यावी लागली.