खाडीच्या पाण्यातले अनोळखी विषाणू



पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर
भरतीचं चमचाभर पाणी घ्या.
किनाऱ्यालगतच्या अशा पाण्यात कोट्यवधी विषाणू असतात.

घाबरू नका!
त्यातले बहुतेक जिवाणूंना गाठतात, माणसाला नाही.

पण ते ओळखायचे कसे?
विषाणू वाढतो जिवंत पेशीत.
समुद्रातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत रुजतच नाहीत.
मग त्यांचे विषाणू कुठून वाढणार?

यावर तोडगा म्हणजे मेटाजीनोमिक्स.

पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून गाळतात.
जिवाणू वर अडकतात,
विषाणू खाली उतरतात.
त्या सगळ्या विषाणूंचा डीएनए एकत्रच वाचतात.
फाटलेल्या पत्रासारखे त्याचे तुकडे संगणक जुळवतो.

म्हणजे, विषाणू वाढवावा लागत नाही;
तो वाचता येतो.

2002 मध्ये माया ब्राइटबार्ट, फॉरेस्ट रोवर आणि सहकाऱ्यांनी
कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या समुद्रावर हे करून दाखवलं.
निम्म्याहून अधिक तुकडे कुठल्याच नोंदीशी जुळले नाहीत!

पुढे अशाच नमुन्यांसाठी ‘तारा’ या फ्रेंच जहाजाने जगभरचे समुद्र पालथे घातले.

आपल्या खाडीत तर गोडं आणि खारं पाणी मिसळतं.
तिथला जमाव वेगळाच असणार, असं मला वाटतं.

एक मेख मात्र आहे.
फक्त डीएनए वाचला, तर आरएनएवाले विषाणू निसटतात.
त्यांच्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते.