हुकूमनाम्यानंतरची पोटगी

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



घटस्फोटाचा हुकूमनामा झाला, तडजोडीवर सह्या झाल्या, की सारे कायमचे मिटले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अपिलाची मुदत उलटली की विवाहविच्छेद अंतिम होतो. परंतु पोटगी आणि मुलांचे संगोपन यांविषयीचे आदेश बदलण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाकडे राखून ठेवला आहे.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याचे कलम २५ पाहा. पोटगीचा आदेश हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर केव्हाही देता येतो. पुढे कोणत्याही पक्षाच्या परिस्थितीत बदल झाल्यास न्यायालय तो आदेश बदलू शकते किंवा रद्दही करू शकते. समजा, मूल बालवाडीत असताना दरमहा पंधराशे रुपये ठरले. आज ते मूल महाविद्यालयात आहे, आई आजारी आहे आणि वडिलांचे उत्पन्न वाढले आहे. अशा वेळी त्या आईने जुन्या रकमेवरच दिवस कंठावेत, असे कायदा म्हणत नाही. मात्र हा मार्ग दोघांनाही खुला आहे. पतीची नोकरी गेली किंवा पत्नीने पुनर्विवाह केला, तर त्यालाही अर्ज करता येतो. परंतु न्यायालयाचा आदेश बदलेपर्यंत स्वतःच्या मर्जीने पोटगी थांबवता येत नाही. थकबाकी साचतच जाते.

मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांबाबत कलम २६ अधिक उदार आहे. आईने ‘यापुढे काही मागणार नाही’ असे लिहून दिले, म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही.

परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद १९७६ साली झाली. अशा हुकूमनाम्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. स्वखुशीने स्वीकारलेली एकरकमी रक्कम किंवा वाटून घेतलेली मालमत्ता केवळ पश्चात्ताप झाला म्हणून पुन्हा उकरता येत नाही. संमती कपटाने किंवा धाकाने मिळवली असेल, तर मात्र ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला, त्याच्याकडेच विनाविलंब दाद मागावी.

फौजदारी कायद्याखालीही पोटगी मिळते. मुंबईतील एका मुस्लिम स्त्रीचा १९६२ साली तलाक झाला. मेहेरचे ५,००० आणि इद्दतचे १८० रुपये देऊन तडजोड झाली होती. पुढे तिने पोटगी मागितली, तेव्हा हीच तडजोड आड आणण्यात आली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नाममात्र रक्कम दिल्याने पोटगीची जबाबदारी टळत नाही. ती रक्कम पोटगीची जागा रास्तपणे घेऊ शकेल एवढी असली पाहिजे. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये कलम १४४ खाली असून, रक्कम बदलून घेण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे.

अर्ज करताना जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत, शाळेच्या शुल्काच्या पावत्या, औषधोपचाराची बिले आणि उत्पन्नाचे पुरावे जोडावेत. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घालून दिले आहे. वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

येथे आपले कर्तव्य सुरू होते. शिक्षकांनी शुल्काचा दाखला विनासायास द्यावा. अधिकाऱ्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावू नयेत. आणि पंचायत सदस्यांनो, गावच्या बैठकीत एखाद्या स्त्रीकडून ‘माझा काही हक्क उरला नाही’ असे लिहून घेतले जात असेल, तर त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. तिला तालुक्याच्या न्यायालयाची वाट दाखवा. संसार मोडला तरी मुलाची भूक आणि त्याची शाळा थांबत नाही, हे कायद्याने ओळखले आहे. आपणही ते ओळखू या.